लंडनमध्ये खोली मिळेल का, खोली?

दोस्तांनो, लंडन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय काय येतं? बिग बेनचं घड्याळ, लाल दुमजली बस, टेम्स नदीवरचा मधोमध उघडणारा पूल, राजवाड्यापुढचे काळ्या केसाळ टोप्यांचे पहारेकरी. ही सगळी ठिकाणं छानच आहेत. पण त्यांच्यावर आजवर इतकं लिहून झालंय, की त्या टोप्यांतले केससुद्धा कुणीतरी मोजून ठेवले असतील! म्हणून आज आपण त्या वाटेला जायचंच नाही. आज लंडनमध्ये फिरायचं ते घरांची दारं बघत. साधी दारं. त्यावर घराचा नंबर, खाली पत्र टाकायची फट, आणि एखाद्याच दारापाशी भिंतीवर गोल निळा फलक.

आता दारंच का? तर दरवर्षी सप्टेंबर उजाडला की जगभरातली हजारो मुलंमुली या शहरात शिकायला येतात. त्यांत पुण्यामुंबईची, नागपूर-लातूरची, मडगाव-फोंड्याचीही असतात. अ‍ॅडमिशन झालेली असते, व्हिसा मिळालेला असतो. विमानतळावर आईनं डोळे पुसत पुसत बॅगेत शेवटची चकलीची पिशवी कोंबलेली असते. पण लंडनला उतरल्यावर सगळ्यांपुढे प्रश्न एकच. रात्री पाठ कुठे टेकायची?

हा प्रश्न आजचा नाही बरं का! सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी बोटीतून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनाही तो पडला होता. त्यांतल्या काहींची नावं तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेली आहेत. ती माणसं मोठी झाली ती नंतर. लंडनला आली तेव्हा तीही खोली शोधणारी साधी पोरंच होती.

कांद्यासारखं शहर

आधी आजच्या मुलामुलींचं बघू. लंडनचा नकाशा समोर धरलात तर तो चिरलेल्या कांद्यासारखा दिसेल. अगदी आतला गाभा म्हणजे झोन एक. त्याच्याभोवती झोन दोन, मग तीन, असं करत करत शहर बाहेर पसरत जातं. बस सोडली तर भुयारी रेल्वेचं आणि लोकलचं तिकीट या झोनांवर ठरतं. कॉलेजं बरीचशी गाभ्यात आणि तिथली भाडी आभाळाला टेकलेली. बाहेर बाहेर जावं तसं भाडं उतरतं, पण तिकीट चढतं. म्हणजे एका खिशात वाचवलेले पैसे दुसऱ्या खिशातून जायचेच! विद्यार्थ्यांना एक खास ओळखपत्र मिळतं, त्यावर आठवड्याचा, महिन्याचा पास तीस टक्के स्वस्त पडतो. तरीही मुलं कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि भाडं अधिक प्रवास अशी बेरीज करतात.

आणखी एक गंमत आहे. तिथे भाडं बहुतेक वेळा आठवड्याचं सांगतात. चला, तुमचं गणित बघू. एका खोलीचं भाडं आठवड्याला २०० पौंड. तर महिन्याला किती?

‘आठशे!’ असं पटकन ओरडलात ना? चुकलं! महिन्यात चारच आठवडे असते तर वर्ष अठ्ठेचाळीस आठवड्यांचं झालं असतं. ते असतं बावन्न आठवड्यांचं. २०० गुणिले ५२ म्हणजे १०,४०० पौंड. त्याला बारानं भागा. आले ना ८६६ पौंड आणि वर ६७ पेन्स? आठशे धरून चालणाऱ्याचा वर्षाकाठी ८०० पौंडांचा खड्डा पडतो. अख्ख्या चार आठवड्यांचं भाडं! तुमच्या घरी कुणी परदेशी शिकायला जायच्या तयारीत असेल, तर हे गणित आजच त्याच्या हातात द्या.

सगळ्यात निवांत मार्ग म्हणजे विद्यापीठाचं वसतिगृह. त्याला तिथे ‘हॉल’ म्हणतात. परदेशातून पहिल्यांदाच येणाऱ्या मुलांना बरीच विद्यापीठं हॉलमध्ये जागा द्यायची हमी देतात, पण अट एकच, अर्ज मुदतीत हवा. मुदत टळली की हमीही टळली. हॉलच्या खोल्यांचे प्रकार असतात. ‘एन-सुईट’ म्हणजे खोलीला जोडून न्हाणीघर. ‘स्टुडिओ’ म्हणजे एकाच खोलीत पलंग, टेबल, शेगडी सगळा संसार. आणि सर्वांत स्वस्त म्हणजे साधी खोली, न्हाणीघर सामाईक, स्वयंपाकघरही सामाईक.

हॉल मिळाला नाही तर खासगी घर. चार-पाच जणांनी मिळून एखादं घर घ्यायचं आणि खोल्या वाटून घ्यायच्या. त्या घरात एक खोली हमखास एवढीशी असते. तिला म्हणतात ‘बॉक्स रूम’. पलंग मावला की माणूस मावत नाही, माणूस आत गेला की दार लागत नाही. पण भाडं कमी, म्हणून तिलाही गिऱ्हाईक असतंच!

फोडणीचा भोंगा

सामाईक स्वयंपाकघर ही एक वेगळीच दुनिया आहे. फ्रिजमधला एक खण तुमचा, एक कोरियाच्या मुलाचा, एक नायजेरियाच्या मुलीचा. आपापल्या डब्यावर नावाची चिठ्ठी. तरी कुणाचं तरी दूध कुणी तरी पितंच.

आणि छताला डोकं वर करून बघा. ती पांढरी गोल डबी दिसली? ती धूर ओळखते. आपल्या पोरानं घरची आठवण आली म्हणून कढईत तेल तापवलं, मोहरी टाकली, हिरवी मिरची टाकली, की डबीला वाटतं, आग लागली! मग असा भोंगा सुरू होतो की बस. नियम असा की भोंगा वाजला की सगळ्यांनी इमारतीबाहेर यायचं. बाहेर थंडी, कुणी नाइट ड्रेसमध्ये, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून, आणि मधोमध आपला बल्लवाचार्य हातात उलथनं घेऊन उभा! म्हणून जुनी मुलं नव्यांना पहिला धडा देतात: आधी पंखा, आधी खिडकी, मग फोडणी.

पण मंडळी, खोली शोधण्यात नुसती गंमतच नसते. भीतीही असते. दूर देशातून पैसे पाठवणाऱ्या मुलांना गंडवणारे लोक टपलेलेच असतात. सुंदर खोलीचे फोटो दाखवायचे, भाडं निम्मं सांगायचं, ‘मी सध्या गावाला आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ल्या पोस्टानं येतील’ असं कळवायचं. पैसे गेले की माणूस गायब. मुलगी दोन बॅगा घेऊन त्या पत्त्यावर जाऊन उभी राहते, तर तिथे दुसरंच कुटुंब जेवत बसलेलं! म्हणून पालकांनो, हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. स्वतः किंवा ओळखीच्या माणसानं जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पेनीही पाठवायची नाही. ओळखीचं कुणीच नसेल, तर पहिले काही दिवस हॉलमध्ये किंवा यूथ होस्टेलमध्ये काढावेत आणि मग शांतपणे घर शोधावं.

कायदाही भाडेकरूच्या बाजूला उभा आहे, फक्त तो माहीत हवा. २०१९ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये एजंटांनी भाडेकरूकडून वरकड फी उकळणं बंद झालं. आपल्या मुलांच्या खोल्यांना डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढंच घेता येतं. म्हणजे आपल्या २०० पौंडांच्या खोलीला हजार पौंड, त्यावर नाही. आणि नेहमीच्या भाडेकरारात तेही मालकानं स्वतःच्या खिशात ठेवायचं नाही. सरकारमान्य ठेव योजनेत तीस दिवसांच्या आत जमा करायचं. खोली सोडताना भिंतीला भोक पाडलं, खुर्ची मोडली असं काही केलं नसेल, तर पैसे परत. म्हणून शहाणी मुलं पहिल्याच दिवशी खोलीच्या कानाकोपऱ्याचे फोटो काढून ठेवतात. भिंतीवरचा डाग आधीचा की आपला, ही भांडणं मग होत नाहीत.

पावाचे तुकडे

आता चला, जुन्या दारांकडे. पहिलं दार आहे पश्चिमेला, बॅरन्स कोर्ट रोडवर, नंबर २०. फलकावर लिहिलंय की महात्मा गांधी कायद्याचे विद्यार्थी असताना इथे राहत होते.

१८८८ मध्ये मोहनदास लंडनला आला तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. पहिल्यांदा उतरला तो एका बड्या हॉटेलात. बिल बघून छातीत धस्स झालं. मग खोली, मग दुसरी खोली, मग एका बाईंच्या घरी खाऊन-पिऊन राहणं. मांस खाणार नाही असं आईला वचन दिलेलं. घरमालकिणीला कळेना, या मुलाला वाढायचं तरी काय! सकाळी ओटची पेज, दुपारी-रात्री पालक, पाव आणि जॅम. पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायची लाज वाटायची, आणि भूक तर अशी की सांगता सोय नाही. त्या घरच्या दोन मुली होत्या. त्या आग्रह करून त्याला पावाचा आणखी एखादा तुकडा वाढायच्या. गांधीजींनी हे पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. विचार करा, तुकड्याएवढ्या पावाची आठवण माणूस इतकी वर्षं जपतो! पुढे खर्च कमी करायला त्यांनी एकच खोली घेतली, एक स्टोव्ह आणला आणि सकाळी ओटची पेज, रात्री पाव आणि कोको असं हातानं करून खाऊ लागले.

दुसरं दार उत्तरेला, हायगेटच्या टेकाडावर. क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू, नंबर ६५. हे ‘इंडिया हाऊस’. भारतीय विद्यार्थ्यांना हक्काची जागा हवी म्हणून श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये इथे वसतिगृह सुरू केलं. श्यामजींचीच शिष्यवृत्ती मिळवून १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर बॅरिस्टर व्हायला आले ते इथेच राहिले. एका छपराखाली देशाच्या कानाकोपऱ्यातली मुलं जमली, जेवणाच्या टेबलावर स्वातंत्र्याच्या गोष्टी निघू लागल्या, आणि इंग्रज सरकारचे गुप्त पोलीस रस्त्यापलीकडून या दाराकडे डोळे लावून बसू लागले. राहायची जागा ही कधी कधी नुसती राहायची जागा उरत नाही, ती अशी.

तिसरं दार शहराच्या मध्यावर, फिट्झरॉय स्क्वेअरमध्ये. हे इंडियन वायएमसीएचं वसतिगृह. संस्था १९२० मध्ये सुरू झाली आणि या इमारतीत १९५३ मध्ये आली. किती तरी भारतीय विद्यार्थ्यांची लंडनमधली पहिली रात्र इथे गेली आहे. बाहेर भुरभुर पाऊस पडत असावा आणि आत डाळभाताचा वास यावा, यापरतं सुख नाही! आणि गणपतीत घरची फारच आठवण आली, तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे. ते १९३२ मध्ये स्थापन झालं. तिथे आरतीला उभं राहिलं की टाळ्यांच्या गजरात घटकाभर आपण लंडनमध्ये आहोत हेही विसरायला होतं.

नंबर दहा

आता ज्या दारासाठी एवढी पायपीट केली, त्या दाराकडे. नॉर्दर्न लाइनच्या भुयारी गाडीनं चॉक फार्म स्टेशनवर उतरायचं. हे स्टेशन १९०७ मधलं, बाहेरून गडद लाल चकचकीत फरशांनी मढवलेलं. तिथून रेल्वेचा पूल ओलांडला की पाच-सात मिनिटांत येतो किंग हेन्रीज रोड. शांत रस्ता, एकाला एक लागून उभी असलेली उंच घरं. जवळच प्रिमरोज हिल नावाची हिरवी टेकडी. तिच्या माथ्यावरून सगळं लंडन दिसतं. मागच्या अंगानं युस्टन स्टेशनच्या गाड्या जातात. आज त्या विजेवर धावतात, पण शंभर वर्षांपूर्वी कोळशाच्या इंजिनांचा धूर या खिडक्यांवर बसत असेल.

नंबर १० ची पाटी बघून थांबा. १९२१-२२ मध्ये या घरात भाड्यानं राहत होते भीमराव रामजी आंबेडकर.

त्या वेळी त्यांचं वय तीस. ते लंडनला दुसऱ्यांदा आले होते. पहिल्यांदा आले १९१६ मध्ये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण आटोपून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण बडोद्याच्या महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. हा मित्र भेटला कुठे, माहीत आहे? न्यूयॉर्कच्या वसतिगृहात! एका खोलीत राहता राहता झालेली दोस्ती जन्मभर पुरली.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले. घरी परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशात संसार ओढत होत्या. त्यामुळे इथे प्रत्येक पेनी जपून. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, तेही दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. खाणावळीचं जेवण बेताचं. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात या दिवसांची हकिगत आहे. नाश्त्याला पावाचा तुकडा, आणि रात्री उशिरा अभ्यास करता करता भुकेनं पोटात कालवलं की कुणीतरी दिलेले पापड भाजून खायचे. आईनं बॅगेत चकल्या कोंबलेल्या आजच्या मुलांना त्या पापडांची किंमत बरोबर कळेल!

असं राहून त्यांनी काय मिळवलं, मोजा. १९२१ मध्ये एमएस्सी. १९२२ मध्ये बॅरिस्टर. १९२३ मध्ये डीएस्सी, म्हणजे तिथली फार वरची पदवी. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. रुपया रुपया मोजत राहणारा हा विद्यार्थी आपल्या देशाच्या रुपयाचा प्रश्न सोडवायला बसला होता!

२०१५ मध्ये हे घर विकायला निघालं आणि महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. किंमत तीस लाख पौंडांहून अधिक. आता तिथे संग्रहालय आहे. मधे एक अडचण आली. राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर तिथे वेगळी परवानगी लागते. काही शेजाऱ्यांना गर्दीची, आवाजाची काळजी वाटली आणि प्रकरण वरपर्यंत गेलं. शेवटी २०२० मध्ये परवानगी मिळाली. आज जगभरातून लोक येतात, बूट पुसून आत जातात, छायाचित्रं बघतात, पुस्तकं बघतात आणि बाहेर पडताना दाराकडे पुन्हा एकदा वळून बघतात.

अकरा दिवस

आता तुम्ही म्हणाल, परक्या देशात खोली मिळवायला त्यांना केवढा त्रास झाला असेल! पण खरी गोष्ट ऐकाल तर गप्प व्हाल. न्यूयॉर्कमध्ये त्यांना खोली मिळाली. लंडनमध्ये खोली मिळाली. खोली मिळाली नाही ती आपल्याच देशात.

१९१७ मधली गोष्ट. लंडनहून परतल्यावर करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. अमेरिकेत शिकून आलेले, विद्वान, सरकारी नोकरीवर आलेले. पण अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मले म्हणून कुठलंही हिंदू हॉटेल त्यांना खोली देईना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी. तिथल्या रखवालदाराला गिऱ्हाईक हवं होतं. त्यानं तोड काढली, वहीत पारशी नाव लिहायचं. दिवसाला दीड रुपया. नाइलाजानं त्यांनी ते मानलं.

वरच्या मजल्यावर ते एकटेच. एक छोटी खोली आणि बाहेर मोडक्या खुर्च्या-बाकांनी भरलेला अंधारा दिवाणखाना. विजेचा दिवा नाही, एक कंदील तेवढा. वटवाघळं फडफडायची. हा माणूस त्या कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचत बसायचा, म्हणजे एकटेपणा जाणवू नये.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत निघाले, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन वर आले. ‘तू कोण? तू आमची धर्मशाळा बाटवलीस!’ संध्याकाळपर्यंत निघून जा, नाहीतर बघून घेऊ, असं बजावून ते गेले. त्यांनी दोन ओळखीच्यांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला. तोवर कुठे जायचं? ते बडोद्याच्या सार्वजनिक बागेत जाऊन बसले. तासामागून तास. मग गाडी आली आणि ते मुंबईला परतले.

हे सगळं बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असं त्या लहानशा पुस्तकाचं नाव. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरायचा परवाना. आपल्याच देशात राहायला परवान्याची वाट बघावी लागते, असा त्या नावाचा अर्थ. तुम्ही आठवी-नववीत असाल तर ते जरूर वाचा.

आणि आणखी एक लक्षात घ्या. त्यांना हाकलणारे पारशी होते, आणि पुढे लंडनला जायला कर्ज देणारा जिवलग मित्रही पारशीच होता. माणसाची परीक्षा त्याच्या आडनावावरून करू नये, ती अशी.

पाट्या आणि प्रश्न

मग इंग्लंड काय स्वर्ग होता? छे, मुळीच नाही! १९५०-६० च्या सुमाराला तिथे घरांच्या खिडक्यांत ‘खोली भाड्यानं देणे आहे’ या पाटीखाली ‘काळ्या लोकांना नाही’ असंही लिहिलेलं असायचं. वेस्ट इंडिजहून, भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कष्टकऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी या पाट्या वाचत वाचत गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी १९६८ मध्ये कायदा झाला आणि वंशावरून घर नाकारणं बेकायदा ठरलं. आपल्याकडे त्याच्या अठरा वर्षं आधी, २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. ती घटना लिहिणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे मी सांगायला हवं का?

कायद्यानं पाटी उतरते. पण मनातली पाटी? लंडनमध्ये आजही एखाद्याला ‘खोली आत्ताच गेली हो’ असं गोड आवाजात सांगतात आणि दुसऱ्या दिवशी तीच खोली रिकामी दिसते. आणि आपल्याकडे? पुण्यात, मुंबईत शिकायला आलेल्या एखाद्या दादाला विचारा. कॉट बेसिसवर जागा बघायला गेलं की पहिला प्रश्न काय असतो? ‘काय शिकतोस?’ असा असतो, की ‘आडनाव काय?’ असा असतो? ईशान्य भारतातून आलेल्या एखाद्या ताईला विचारा, किती दारं तिच्यापुढे बंद झाली. आपलं पोर लंडनला जातं तेव्हा आपण देवाला हात जोडतो, की बाबा रे, तिला चांगली घरमालकीण भेटू दे. आणि त्याच वेळी कुणाचं तरी पोर बॅगा घेऊन आपल्या जिन्यावर उभं असतं.

म्हणून आज तुम्हाला एक काम देणार आहे. अगदी सोपं. तुमच्या गल्लीत, सोसायटीत बाहेरगावाहून शिकायला आलेलं कुणीतरी नक्की असेल. त्याला गाठा आणि तीन प्रश्न विचारा. तुला ही खोली कशी मिळाली? किती ठिकाणी नकार मिळाला? आणि पहिल्या रात्री जेवायला काय होतं? उत्तरं वहीत लिहून काढा, तारीख घाला आणि जपून ठेवा. पावाच्या एका तुकड्याची हकिगतसुद्धा शंभर वर्षं टिकते, हे तुम्ही बघितलंच आहे.

आणि हो, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नव्हतं’ असं आलं, तर वही बाजूला ठेवा आणि आधी घरी जाऊन आईला विचारा, ‘आई, आज एक पान जास्तीचं मांडू का गं?’